मल्लिनाथअण्णांचा तळहात

गाडीतला इंटरकूलर कुठे बसवायचा यावरून दोन शहाणीसुरती माणसं चार महिने एकमेकांशी बोलणं टाकू शकतात, हे मला मल्लिनाथअण्णांमुळे कळलं. त्या दोघांपैकी एक अण्णा आणि दुसरा मी. मी सोलापुरातल्या एका तंत्रनिकेतनात उष्मागतिकी शिकवायचो. म्हणजे तापलेली हवा विरळ होते आणि गार हवा दाट होते, हे पंचवीस वर्षं फळ्यावर लिहायचो आणि पुसायचो. अण्णांचं होटगी रोडला पत्र्याचं शेड होतं आणि तिथे ते हेच काम हातानं करायचे. मी एकदा पुस्तकाच्या जोरावर म्हणालो, की इंटरकूलर पुढे बंपरमागेच असायला हवा. त्यावर अण्णा म्हणाले, "सर, तुमचं पुस्तक पुण्यात छापलंय की ओ. मे महिन्यात हितं सोलापुरात बसून लिहिलं असतं तर येगळं लिहिलं असतं." माझा अपमान झाला आणि मी तिकडे फिरकलोच नाही. चार महिन्यांनी तेच कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, चला, एक गंमत दावतो.

ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप. सायकलला हवा भरताना पंपाचं तोंड तापतं, तशी ही कोंबलेली हवाही तापते. ती तशीच इंजिनात गेली तर डिझेल नीट जळत नाही, काळा धूर निघतो, आतली आच वाढत जाते आणि फारच झालं तर पिस्टन वितळतो. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये जाळीचा एक खोका बसवतात, त्यातून जाताना हवा गार होते. तो इंटरकूलर. बॉनेटखाली इंजिनाच्या डोक्यावर बसवला तर पाइप आखूड राहतात आणि गाडी चटकन उचलते, पण सिग्नलला थांबली की खालचं इंजिन त्याला भाजून काढतं. पुढे बसवला तर समोरचा वारा मिळतो, पण पाइप लांबतात आणि मागच्या रेडिएटरच्या वाट्याचा वारा हाच खातो. कुठेही बसवा, काहीतरी गमवावं लागतंच. गाडीची ताकद वाढवून घेतलेले हौशी लोक ही तडजोड करून घ्यायला अण्णांकडे यायचे. टेंभुर्णीहून यायचे, बार्शीहून यायचे, पार कलबुर्गीहूनसुद्धा यायचे.

अण्णा ठेंगणे, कपाळावर विभूती, आणि अंगात कायम पांढरा हाफशर्ट. गॅरेजात पांढरा शर्ट घालणारा माणूस एक तर काम करत नसतो किंवा त्याला काम फार चांगलं येत असतं. त्यांचे हात मनगटापर्यंत काळे असायचे आणि त्याच्या वर बोटभरसुद्धा डाग नसायचा. त्यांची स्वतःची एक जुनी डिझेल गाडी होती. तिचा इंटरकूलर त्यांनी आधी डोक्यावर बसवला, मग पुढे, मग चाकाच्या आतल्या बाजूला, मग पुन्हा पुढे पण चार बोटं खाली. बॉनेटला दोनदा भोक पाडलं आणि दोनदा पत्रा जोडून बुजवलं. त्यांची बायको नागव्वा म्हणायची, आम्ही लग्नानंतर घर एकदाच बदललं, पण त्या खोक्यानं सहादा बदललं.

फाटकाशी येऊन त्यांनी मला जी गंमत दाखवायला नेलं, ती म्हणजे गाडी तपासायची त्यांची ठरलेली पद्धत. फक्त मार्च ते मे, आणि तेही भर दुपारी. थंडीत आलेल्या गाडीचं काम करायचे, पण तिला 'पास' म्हणायचे नाहीत. उन्हाळ्यात परत आणा म्हणायचे. "डिसेंबरात कुठलीबी गाडी चांगलीच असती की," हे त्यांचं वाक्य मी पुढे वर्गात वापरलं, आणि माझं म्हणून वापरलं. दुपारी दोनच्या सुमाराला गाडी काढायची, विजापूर रोडला दामटायची, परतताना सात रस्ता चौकाच्या गर्दीत मुद्दाम अडकवायची आणि शेडमध्ये आणून बॉनेट उघडायचं. मग इंटरकूलरमधून बाहेर पडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पाइपवर उजवा तळहात सपाट टेकवायचा आणि कानडीत मोजायचं. ओंदू, एरडू, मूरू, नाल्कू. दहापर्यंत, म्हणजे हत्तूपर्यंत, हात ठेववला तर गाडी पास. त्याआधी हात उचलावा लागला तर सगळं खोलून पुन्हा.

ही रीत त्यांच्या वडलांची. वडील गिरणीत ऑइलमन होते. शाफ्टचं बेअरिंग तापलंय का, हे ते असंच हात ठेवून कानडीत मोजून बघायचे. गिरणी बंद झाली, वडील गेले, आणि ते मोजणं मुलाच्या हाती तेवढं उरलं. मला सुरुवातीला हा सगळा अडाणीपणा वाटला होता. म्हणून मी प्रयोगशाळेतला वायरवाला डिजिटल तापमापक नेऊन त्यांच्या हातावर पडताळला. सात-आठ गाड्या पाहिल्या. हत्तू झालं की मीटरवर पन्नासच्या आसपास, एंटूला, म्हणजे आठला, हात उचलला की तीन-चार अंश जास्त. मी थक्क झालो आणि तो तापमापक त्यांना भेट दिला. त्यांनी तो कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला टांगला. कोणी विचारलं की सांगायचे, सरांचं हाय ते, शोभेला ठेवलंय.

बार्शीचे एक धान्याचे व्यापारी होते, पन्नाशीचे. त्यांनी नवी गाडी आणली आणि सांगितलं, की मोठ्यात मोठा इंटरकूलर पुढे असा बसवा की जाळीतून चकाकताना दिसला पाहिजे. अण्णांनी शांतपणे विचारलं, "शेठ, हवा थंड करायची हाय का लोकांना दावायची हाय?" शेठ म्हणाले, दोन्ही. अण्णांनी त्यांना एक रिकामा खोका दिला, म्हणाले हा पुढं लावून घ्या, चकाकतोय, आणि गाडीला हात लावला नाही. शेठ चिडून गेले आणि आठवड्यानं परत आले. त्यानंतर ते अण्णांचे असे भक्त झाले, की घरात नवा मिक्सर आणला तरी अण्णांना दाखवतील की काय असं वाटायचं. अण्णांनी एकदा 'पास' म्हटलं की लोक गाडीत बायकापोरं घालून हैदराबादपर्यंत बिनघोर जायचे. अण्णांची मिळकत काय असेल ती असो, त्यांची खरी कमाई म्हणजे तो एक शब्द होता.

आता पुढचं सांगायला जिवावर येतं, कारण त्यात मी आहे.

एकदा चहा घेताना त्यांच्या तळहातावर मला पाण्यानं भरलेला फोड दिसला. विचारलं तर त्यांनी हात उलटा करून असा पाहिला, जणू तो कोणी तिथे आणून ठेवला होता. म्हणाले, लागलं असंल कुटंतरी. पुढे कधीतरी कटिंगचा पेला त्यांनी बुडापासून मुठीत धरलेला पाहिला. त्याच चहाचा पेला मी रुमालात धरला होता. मी शिक्षक माणूस. कुठली वस्तू किती उष्णता वाहून नेते हे मी मुलांना विचारून नापास करायचो. पण समोर बसलेल्या माणसाचा हात बधिर होतोय हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, कामाचा हात आहे, राठ झालाय. कौतुकच वाटलं.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात टेंभुर्णीच्या दत्तानं गाडी आणली. दत्ता स्वतःची मोठी गाडी भाड्यानं चालवायचा, लग्नाची वऱ्हाडं, हॉस्पिटलच्या फेऱ्या. इंटरकूलर डोक्यावरून काढून पुढे घ्यायचा होता. अण्णांनी नेहमीसारखं निगुतीनं काम केलं. दुपारी आम्ही तिघं विजापूर रोडला जाऊन आलो, बॉनेट उघडलं, अण्णांनी हात ठेवला आणि शांतपणे हत्तूपर्यंत मोजलं. पास. मला काय सुचलं कोण जाणे, मीही त्याच पाइपवर हात ठेवला. मूरूला मी हात झटकला. चटका असा बसला की डोळ्यांत पाणी आलं. अण्णा हसले. म्हणाले, "सरांचा हात खडूचा हाय ओ." दत्ता हसला आणि मीही हसलो. माझ्या स्वतःच्या हातावर लाल वण उठलेला असताना मी माझ्या हातापेक्षा त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. खिळ्याला टांगलेला तापमापक चार पावलांवर होता.

चौथ्या दिवशी दत्ताची गाडी ओढून आणली. महामार्गाच्या चढावर, ओव्हरटेक करत असताना, काळा धूर आला आणि इंजिन जागेवर बसलं. गाडीत दत्ताची आई होती आणि शेजारच्या तीन बायका होत्या. मागच्या ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून, नाहीतर काय झालं असतं ते दत्तानं सांगितलंच नाही. तो भांडलाही नाही. मोहोळच्या मेकॅनिकनं इंजिन उघडून काढलेला पिस्टन त्यानं फडक्यात गुंडाळून आणला होता, तो बाकावर ठेवला. वरून अर्धा विरघळलेला. पुढच्या बंपरमागची लोखंडी पट्टी इंटरकूलरच्या निम्म्या जाळीपुढे येत होती आणि निम्म्या जाळीला वाराच नव्हता. अण्णांच्या हाताला हे पहिल्याच फेरीत कळायला हवं होतं. आधी अशा गाड्यांचा खोका त्यांनी चार बोटं खाली घेतलाच होता की.

अण्णा म्हणाले, हात ठेवला हुता, हत्तू झालं हुतं, सरांना इचारा. शेडमध्ये त्या वेळी अक्कलकोटच्या एका गिऱ्हाइकाची तशीच गाडी नुकतीच फेरी मारून येऊन उभी होती. अण्णा उठले, तिचं बॉनेट उघडलं आणि आम्हाला दाखवायला म्हणून पाइपवर हात टेकवला. ओंदू, एरडू. मी खिळ्यावरून तापमापक काढला आणि वायरीचं टोक त्यांच्या बोटांशेजारी दाबून धरलं. आकडा चढत गेला. अण्णा मोजत होते, मी आकडा बघत होतो, आणि मला त्यांना थांबवायचं सुचेना. आरू, एळू. आकडा चौऱ्याहत्तरवर थांबला. दत्तानं त्यांचं मनगट धरून हात ओढून काढला. हाताची कातडी पाइपला चिकटून राहिली होती.

अण्णांनी मीटरकडे पाहिलं, मग हाताकडे, मग पुन्हा मीटरकडे. मला वाटलं आता म्हणतील, यंत्र खोटं बोलतंय. तसं म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच विचारलं, "सर, कवापास्नं?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. हात आजच गेला नव्हता. म्हणजे त्याआधी हा हात टेकवून ज्या ज्या गाडीला त्यांनी पास म्हटलं, त्यातली कुठली खरी आणि कुठली खोटी? ते मला विचारत होते.

हाच प्रश्न पुढे डॉक्टरनं विचारला. साखर किती वाढली होती ते आकडे मी इथे देत नाही, डॉक्टरांनीसुद्धा कागद दोनदा वाचला होता. नसा मेल्यात म्हणाले. कधीपासून कळत नाही? अण्णा म्हणाले, आत्ताच, आठवडा झाला असंल. नागव्वा शेजारी बसली होती. ती म्हणाली, "खोटं का बोलता ओ? संक्रांतीला कडक भाकऱ्या करत हुते मी, तापलेला तवा तुमी हातानंच उचलून बाजूला ठेवलाव की. ह्या संक्रांतीला न्हाय, त्याच्या आदल्या." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी शेजारणींना कौतुकानं सांगितले, आमच्या मालकांचा हात बघा म्हणून." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. अण्णा रडले नाहीत. ते बोटांवर महिने मोजत होते.

दोन उन्हाळे. त्यांनी आठवून आठवून एका वहीच्या पानावर गाड्या लिहून काढल्या, त्या एकतीस भरल्या. डावा हातही तसाच आहे का ते बघायला मी त्यांच्या तळहातावर गरम चमचा टेकवला होता. तोही तसाच होता. मग आम्ही शेडमध्ये बसून एकेकाला फोन लावला. बँडेजमुळे त्यांना फोन धरता येत नव्हता, तो मी त्यांच्या कानाशी धरायचो. ते प्रत्येकाला एकच सांगायचे, तुमच्या गाडीला मी पास म्हटलं हुतं, ते धरू नका, गाडी घेऊन या.

मी समजलो होतो की लोक शिव्या देतील. तसं काही झालं नाही, आणि झालं ते जास्त वाईट होतं. लोकांनी त्यांचं ऐकलंच नाही. अण्णा, मस्त चाललीय गाडी. अण्णा, तुमच्या हाताला काय धाड भरलीय. एक जण तर म्हणाला, तुमी पास म्हटलंय म्हणजे देवानं म्हटलंय. अण्णा विनवायचे आणि पलीकडून हसायचा आवाज यायचा. इतकी वर्षं जपलेला तो शब्द आता त्यांना परत घेता येत नव्हता. एकतीसपैकी नऊ गाड्या आल्या. मी मीटर लावायचो, अण्णा हात पाठीमागे बांधून लांब उभे राहायचे. नवांपैकी चार गाड्यांचं काम पुन्हा करावं लागलं. उरलेल्या बावीस अजून कुठेतरी रस्त्यावर आहेत.

बार्शीचे शेठ आले ते हटूनच बसले. म्हणाले, मास्तरांचं यंत्र नको, मी यंत्रावर विश्वास ठेवून आलेलो नाही, अण्णा, तुम्ही हात लावा. मी समजावलं, नसांचं सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही मध्ये पडू नका. अण्णा पुढे आले, बँडेज सोडलेला हात पाइपच्या वर धरला आणि तसाच धरून राहिले. टेकवला नाही. मग म्हणाले, "शेठ, तुमी मला मोठं केलाव. आता लहान करा की." शेठ गाडीत बसून निघून गेले. त्यांच्या गाडीचं तापमान किती होतं ते मला आजही माहीत नाही.

जूनमध्ये अण्णांनी शेड सोडलं. मी त्यांना म्हणालो, असं करू, हात मी लावतो, मीटर मी बघतो, तुम्ही नुसतं बसून सांगा खोका कुठे घ्यायचा ते. मला खरंच वाटत होतं की असं जमेल. अण्णा म्हणाले, "तुमचा हात खरा हुता, सर. त्या दिवशी हासलो मी." मला म्हणायचं होतं, की अण्णा, हसलो मीही, आणि मला तर चटका कळत होता. ते मी त्या दिवशी म्हणालो नाही आणि नंतरही कधी म्हणालो नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण ते म्हणायला अण्णांच्या डोळ्यांत बघावं लागलं असतं.

ते कुंभारीला राहायला गेले. तिथे नागव्वाच्या भावानं त्यांना दोन खोल्या दिल्या. गाडी विकली की मोडीत दिली ते मी विचारलं नाही. यंदाच्या मे महिन्यात एका रविवारी मी बसनं गेलो. अण्णा दारातच बसले होते. पांढरा शर्ट तसाच होता, पण हात स्वच्छ होते, नखंसुद्धा गुलाबी. ते हात बघवेनात. पाण्याच्या पाळीबद्दल बोलले, मेव्हण्याच्या म्हशीबद्दल बोलले. गाड्यांबद्दल मी विषय काढला नाही. बाहेर टर्बोची गाडी शिट्टीसारखा आवाज करत गेली तेव्हा ते बोलता बोलता थांबले, ती लांब जाईपर्यंत थांबले, आणि मग पुन्हा म्हशीवर आले. नागव्वानं चहा आणला. आधी तिनं स्वतः पेल्याला बोट लावून पाहिलं, थोडा वेळ पेला धरून ठेवला, आणि मग त्यांच्या हातात दिला. हे तिघांनाही दिसलं.

दुपारी एकला परतीची बस होती. मी नको नको म्हणत असताना अण्णा डांबरी रस्त्यापर्यंत सोडायला आले. घरापासून पन्नासेक पावलं. ऊन असं की समोरचं धड दिसत नव्हतं. बस आली. मी चढलो, खिडकीशी जागा मिळाली, आणि गाडी हलल्यावर हात करायला म्हणून मागे वळलो. अण्णा रस्त्याच्या कडेला डांबरावर उभे होते. त्यांची एक चप्पल पायात होती. दुसरी दहा पावलं मागे, घराच्या वाटेवर उलटी पडलेली होती. येता येता ती पायातून निसटली होती आणि त्यांना कळलं नव्हतं. मे महिन्याच्या त्या मऊ झालेल्या डांबरावर उघडा पाय सपाट टेकवून ते माझ्याकडे बघत उभे होते.

मी खिडकीतून ओरडलो, अण्णा, पाय. अण्णा, चप्पल. कंडक्टरला म्हणालो थांबवा, तो तिकिटं फाडत मागे गेला होता. मी हातानं खाली, पायाकडे दाखवत राहिलो. अण्णांना वाटलं मी निरोप घेतोय. त्यांनीही हात वर केला आणि बस वळणावर जाईपर्यंत तिथेच उभे राहून तो हलवत राहिले.